दगड, किडे आणि चित्रशाळा

कासूहून सकाळची दिवा गाडी धरावी, पनवेलला उतरून व्हीटीची लोकल पकडावी, आणि व्हीटीच्या मोठ्या घुमटाकडे एकदा मान वर करून बघून घेतलं की क्रॉफर्ड मार्केटाच्या वाटेने चालू लागावं, म्हणजे डाव्या हाताला, टाइम्सच्या इमारतीपलीकडे, झाडांत दडलेलं एक जुनं आवार लागतं. आपल्या पेण तालुक्यात कुणा पोराचा हात गणपतीच्या आखणीवर जरा बरा बसला, डोळे रेखताना मनगट थरथरेनासं झालं, की आजूबाजूचे म्हणतातच, "याला जेजेला घाला हो." ते जेजे हेच, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाची चित्रशाळा. आज वीज गेलेली आहे, पाऊसही धरून बसलाय, तेव्हा कंदील जरा मध्ये सरकवा, भाजलेल्या आठळ्यांची टोपली इकडे द्या, आणि त्या चित्रशाळेच्या कोठारात काय काय साठलंय ते ऐका. चित्रकारांची नावं आणि चित्रांच्या किमती सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला सांगायची आहे ती मौज वेगळी. ती चित्रं, ते पुतळे, ती दप्तरं मुळात कशाची झाली आहेत, आणि त्यांच्यावर कोण कोण टपून बसलंय, ते मी सांगणार. कारण चित्रशाळेचं कोठार नीट उघडलं ना, की आत निघतात ते दगड, किडे, झाडं आणि समुद्र.

आधी दात्याचं नाव घेऊ, ती आपली रीत. जमशेटजी लहानपणीच पोरके झालेले, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात पडले म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत, पुढे चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा केला आणि तो सढळ हाताने वाटलाही. इथल्या पोरांना चित्रकला आणि कारागिरी शिकवणारी शाळा निघावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये काढून दिले, तेव्हाचे एक लाख बरं का, आणि १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या खोल्यांत वर्ग भरू लागले. शाळेची स्वतःची इमारत उभी राहायला मात्र १८७८ साल उजाडलं. मधे, १८६५ साली, विलायतेहून दोन मास्तर आले, लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. किपलिंगसाहेब मूर्तिकाम शिकवायचे, आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला आवारातल्या घरात त्यांना मुलगा झाला. हा मुलगा म्हणजे रुडयार्ड, मोगलीची गोष्ट लिहिणारा. बिबळ्याला ठिपके कसे आले, हत्तीला सोंड कशी मिळाली, असल्या लोणकढी गोष्टी त्याने पुढे पोरांसाठी लिहिल्या, आणि बापाने त्याच्या जंगलाच्या पुस्तकासाठी चित्रं केली. आज तिथे किपलिंगच्या नावाने ओळखला जातो तो बंगला मागाहून बांधलेला, पण आवार तेच. तेव्हा हत्तीच्या सोंडेची थाप मारणारा जिथे जन्मला, तिथल्या वस्तूंच्या खऱ्या गोष्टी सांगताना म्हाताऱ्याने थोडं पाल्हाळ लावलं तर चालवून घ्या. माझ्या गोष्टींत थाप एकही नाही, एवढाच काय तो फरक.

जुन्या काळी जेजेत नाव घातलेल्या पोराला बसवत ते पांढऱ्याफेक पुतळ्यांसमोर. ग्रीक देव, रोमन वीर, कुणाचं नुसतं डोकं, कुणाचं नुसतं पाऊल. मुळातले संगमरवरी पुतळे राहिले युरोपात, इथे आले ते त्यांच्यावर साचा घालून काढलेले प्लास्टरचे जुळे भाऊ. आता हे प्लास्टर म्हणजे काय चीज आहे ते बघा. आपल्या खारेपाटात ज्याने मिठागर पाहिलंय त्याला हे पटकन कळेल. भरतीचं पाणी कोंडून उन्हात आटवत नेलं तरी मीठ काही लगेच पडत नाही. पाच हिश्शांतला एकच हिस्सा पाणी उरलं की आधी एक दुसराच पांढुरका खडा तळाशी धरू लागतो, आणि पाणी दहाव्या हिश्शावर आलं की मग मिठाची पाळी. तो आधी बसणारा खडा म्हणजे जिप्सम. राजस्थानात बिकानेर-नागौरकडे याचे थरच्या थर जमिनीत आहेत. कधीकाळी तिथलं खारं पाणी आटलं आणि जाताना हे मागे ठेवून गेलं.

गंमत अशी की हा खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, पण त्याच्या वजनातला पाचवा हिस्सा चक्क पाणी असतं. दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि उरलेला खडा कुटला की होते प्लास्टरची भुकटी. त्या भुकटीला पाणी दाखवा, की ती हरवलेलं पाणी अधाशासारखं परत पिते, पिता पिता गरम होते, साच्यावर हात ठेवला तर ऊब लागते, आणि तिच्यात बारीक सुयांच्या आकाराचे स्फटिक वाढू लागतात. पेंढ्याच्या उडवीत काड्या एकमेकींत अडकतात आणि उडवी उभी राहते, तशा त्या सुया एकमेकींत गुंततात आणि अर्ध्याएक तासात भुकटीचा पुन्हा दगड होतो. वर आणखी शहाणपण असं की घट्ट होताना ते किंचित फुगतं, त्यामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरून पुतळ्याच्या नखाची कडसुद्धा उचलतं. दगड भाजून मोडायचा आणि पाणी पाजून परत जोडायचा, मधल्या घटकेत तो तुम्ही सांगाल ते रूप घेतो. पॅरिस शहरात मोंमार्त्र नावाची टेकडी आहे, तिच्या पोटात या जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून याच्या मागे पॅरिसचं नाव लागलं ते लागलंच.

या प्लास्टरमध्येच जेजेच्या कोठारातलं एक रत्न घडलेलं आहे. गणपतराव म्हात्रे नावाचा विशीतला पोरगा तिथे शिकत होता. १८९६ च्या सुमारास त्याने एक पुरी उंचीची मूर्ती केली, पूजेला देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. 'मंदिरपथगामिनी' हे तिचं नाव. ग्रीक पुतळे घोटून हात तयार झालेला, पण केली ती आपल्या घरातली लेक, आणि लुगड्याचे पदर असे सोडले की पांढऱ्या प्लास्टरखाली अंग श्वास घेतंय असं वाटावं. कलकत्त्याला रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर लेख लिहिला. ती मूर्ती अजून जेजेत आहे. आटलेल्या पाण्याचा खडा, आगीतून गेलेला, पाणी पिऊन उठलेला, आणि देवळाच्या वाटेवर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उभा.

हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांत गेलात तर हीच भुकटी तुम्हाला गोण्यांनी दिसेल, आणि शेजारी शाडूही दिसेल. शाडू नुसता वाळतो, त्यात स्फटिकांची गुंतागुंत होत नाही, म्हणून पाण्यात सोडला की त्याचे कण सुटे होतात आणि मूर्ती बसते. प्लास्टर मात्र परत दगड झालेलं असतं, लिटरभर पाण्यात ते फार तर दोन-अडीच ग्रॅम विरघळणार. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खाडीकाठी जे दिसतं त्याचं सगळं कारण एवढ्यात आलं. म्हात्र्यांच्या मूर्तीला जो गुण तारून नेतो, तोच गणपतीच्या मूर्तीला पाण्यात अवघडून ठेवतो. गुण की दोष, हे वस्तू कुठे ठेवली त्यावर असतं, वस्तूत नसतं, असं आमची आजी म्हणायची. ती हे सुनांबद्दल म्हणायची, पण इथेही लागू पडतं.

आता रंगांची पेटी उघडू. तुळशीवृंदावनाला आपण काव देतो ना, लाल माती? ती काव म्हणजे लोखंडाचा गंज. आणि चित्रकाराची पिवळी माती? तोही लोखंडाचा गंजच, फक्त त्याच्या पोटात थोडं पाणी असतं. पिवळी माती तव्यावर टाकून चांगली भाजा, पाणी निघून जातं आणि ती डोळ्यांदेखत लाल होते. वीटभट्टीत कच्ची मळकट वीट आत जाते आणि लालबुंद होऊन बाहेर येते, तिथेही रंग चढवणारं हेच लोखंड. माणसाने गुहेत पहिलं चित्र काढलं तेही याच मातीने, आणि अजिंठ्याच्या भिंतीवरचे लाल-पिवळेही हेच. गंज उन्हाने विटत नाही, कारण त्याला आणखी गंजायला जागाच उरलेली नसते.

निळ्याची गोष्ट मात्र लांबची आहे. अजिंठ्याच्या काही चित्रांत जो गडद निळा दिसतो, तो अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरातून काढलेल्या दगडाचा, लाजवर्दाचा. तो दगड उंटा-गाढवांच्या पाठीवर महिनोन्‌महिने प्रवास करून सह्याद्रीच्या कुशीत आला. युरोपात तर तो सोन्याच्या तोडीचा महाग, चित्रकार तो मेरीमातेच्या झग्यासाठी राखून ठेवत. शेवटी फ्रान्समध्ये बक्षीस लावलं गेलं, आणि १८२८ साली गिमे नावाच्या माणसाने तो रंग भट्टीत करून दाखवला. चिनी माती, सोडा, कोळसा आणि गंधक. रंग येतो तो गंधकामुळे, गंधकाचे तीन-तीन अणू बारीक पिंजऱ्यात कोंडून पडतात आणि निळा उजेड परत फेकतात. आणि आज हा राजाचा रंग कुठे आहे म्हणाल, तर पांढऱ्या कपड्यांना द्यायला बादलीत जी नीळ घालतात ती बहुधा हाच. अजिंठ्याच्या राजकुमाराच्या मागचा निळा आणि माझ्या धोतराचा निळा, सख्खे भाऊ.

प्राण्यांनी दिलेले रंग तर आणखी वेडे. एक पिवळा रंग पूर्वी बंगालकडून विलायतेला जायचा, गोळ्यांच्या रूपात, वास मारणारा. तो कशाचा होतो हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. १८८३ साली मुखर्जी नावाच्या कलकत्त्याच्या गृहस्थांनी मुंगेरजवळच्या एका खेड्यात जाऊन पाहिलं आणि लिहून कळवलं की तिथले गवळी गाईंना आंब्याचा पाला आणि पाणी एवढंच देतात, आणि त्यांचं मूत्र आटवून हा रंग करतात. लोकांनी पुढे शंभर वर्षं म्हटलं, काहीतरीच काय! पण मुखर्जींनी पाठवलेली ढेकळं लंडनजवळच्या क्यू बागेच्या संग्रहात जपलेली होती, हल्ली रसायनतज्ज्ञांनी ती तपासली, तेव्हा मुखर्जींच्या सांगण्याला दुजोरा मिळाला. बघा, संग्रह कशाला हवेत म्हणता? म्हाताऱ्याची थाप वाटलेली गोष्ट खरी ठरवायला हवेत.

किरमिजी रंग मेक्सिकोतल्या एका किड्याचा. निवडुंगाच्या फड्यांवर पांढरी बुरशी लागल्यागत हे किडे चिकटून बसतात, ते गोळा करून वाळवायचे नि कुटायचे, आणि अर्ध्या किलोला सुमारे सत्तर हजार किडे लागायचे. इंग्रजांना वाटलं, आपण हिंदुस्थानातच ही शेती करू. १७९५ साली ब्राझीलहून किडे आणून बंगालात निवडुंगावर सोडले. पण आणलेली जात निघाली भलतीच. रंग दिला हलका, आणि निवडुंग मात्र सपाट खाऊन टाकला. व्यापारी हात चोळत बसले, पण ज्यांची रानं निवडुंगाने गिळली होती ते शेतकरी खूश झाले. पुढे दक्षिणेत मुद्दाम हेच किडे नेऊन सोडले. किड्याकडून तण मारवून घ्यायची विद्या जगात आज शिकवतात, तिचा हा अगदी पहिल्या धड्यांतला धडा, आणि तो रंगाच्या पेटीतून निघालेला.

समुद्राचा रंग तर तुमच्या ओळखीचा. माकूल साफ करताना हातावर काळं फुटतं, ते आठवतं? चित्रकारांची तपकिरी सेपिया शाई तीच. माकूल शत्रूच्या तोंडावर ती टाकून पळतं, आणि तिच्यातलं रंगद्रव्य तुमच्या-माझ्या केसांतल्या काळ्या रंगाचंच नातलग आहे. माझ्या केसांत आता ते उरलं नाही, हा भाग निराळा. ती शाई इतकी चिवट, की इंग्लंडच्या किनाऱ्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगड झालेल्या माकुलांच्या पिशव्या सापडल्या, तेव्हा एलिझाबेथ फिलपॉट नावाच्या बाईने ती वाळलेली शाई उगाळून त्याच शाईने त्या काळच्या समुद्री सरड्याचं चित्र काढलं. दोघेही एकाच समुद्रात पोहलेले. एकाच्या शाईने दुसऱ्याची तसबीर.

आता एक दगड दाखवतो. जिथे शिळाछाप शिकवतात तिथे फिकट पिवळसर, गुळगुळीत, जड लाद्या असतात. चित्र तेलकट खडूने त्या लादीवर काढायचं, लादी ओली करायची, आणि वर तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला झिडकारतं, तेल शाईला जवळ घेतं, म्हणून शाई फक्त चित्रावर बसते आणि कागद दाबला की छाप उठतो. खोदायचं नाही, कोरायचं नाही. १७९६ च्या सुमारास सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाला हे सुचलं. सांगतात ते असं, की आईने धोब्याच्या कपड्यांची यादी लिही म्हटलं, घरात कागद नव्हता, म्हणून त्याने ती दगडावर लिहिली. या कामाला सगळ्या जगात उत्तम ठरला तो बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड. आणि तो इतका बारीक पोताचा का? तर पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे एक निपचित खाजण होतं, त्यात ना लाट ना ओढ, चुन्याचा गाळ शांतपणे थरावर थर बसत गेला. त्या गाळात जे पडलं त्याचा हुबेहूब छाप उठला, कोळंबीच्या मिशांपासून चतुराच्या पंखाच्या शिरांपर्यंत. १८६१ साली छापखान्यांसाठी लाद्या काढता काढता कामगारांच्या हाती लागला एक अजब जीव. तोंडात दात, सरड्याची हाडाळ शेपटी, आणि अंगावर चक्क पिसं. आर्किऑप्टेरिक्स! सरपटणाऱ्यांतून पाखरं आली याचा पुरावा छापखान्याच्या दगडातून निघाला. तेव्हा माणसाने त्या दगडावर छापकाम सुरू केलं म्हणतात ते खरं, पण पहिली प्रत निसर्गाने आधीच काढून ठेवली होती.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तिथल्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचल्या त्या याच शिळाछापाने, एकेका रंगाला एकेक दगड लावून. जेजेत १८८५ साली दाखल झालेले धुंडिराज फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, याच छापकामात मुरले आणि मग सिनेमाकडे वळले. एका खाजणातल्या चिखलाने केवढी मजल मारली बघा.

आता दुःखाची गोष्ट. ग्रिफिथ्समास्तर १८७२ पासून पुढची तेरा-एक वर्षं जेजेतली पोरं घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्याला जायचे, आणि भिंतीवरच्या चित्रांच्या रंगीत प्रती मोठमोठ्या कॅनव्हासांवर उतरवायचे. पेस्तनजी बोमनजी त्यांतलाच एक, पुढे मोठा चित्रकार झाला. वटवाघळांची आणि मधमाश्यांची वस्ती, आत अंधार, चढायला मचाण, अशात ही पोरं राबली. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल नावाच्या साहेबाने वर्षानुवर्षं खपून प्रती केल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. आणि नशीब असं, की जेजेच्या पोरांनी केलेल्या प्रतीही लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयाच्या आगीत पुष्कळशा गेल्या. उरल्या त्यांतल्या बऱ्याच आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड छापले, म्हणून निदान तेवढं हाती राहिलं.

आणि मूळ भिंती? त्यांचा निराळाच शत्रू. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडकावर लिंपलेल्या मातीत भाताचं तूस आणि गवताचे तंतू घातले होते, आपण कुडाच्या भिंतीला घालतो ना, तेच. गिलावा धरून राहिला खरा, पण शतकं उलटली तसे किडे ते तूस नि तंतू खायला आले आणि मागून भिंत पोखरत गेले. शेजारच्या वेरूळला मात्र हा उपद्रव कमी. २०१६ साली तज्ज्ञांनी वेरूळच्या गिलाव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा कळलं की त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते. कीड तिकडे फिरकली नाही. हे ऐकून आमच्या एका मित्राने घराच्या भिंतीसाठी भांग मिळेल का अशी चौकशी मोठ्या उत्साहाने सुरू केली होती, वहिनींनी त्याला वेळीच आवरलं.

आता कागदाकडे येऊ, कारण चित्रशाळेत चित्रांइतकाच कागद असतो, पोरांचे अभ्यास, हजेरीची बुकं, परीक्षांचे निकाल, मास्तरांच्या चिठ्ठ्या. महादेव धुरंधर १८९० साली कोल्हापुरातून जेजेत आले, शिकले, तिथेच शिकवू लागले, १९३० साली काही काळ संस्थेचे प्रमुखही झाले, आणि आपल्या त्या सगळ्या आयुष्यावर त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं. त्या काळचं जेजे आज डोळ्यांसमोर उभं राहतं ते असल्या लिहिण्यामुळे. पण कागदाला सतरा रोग. चिंध्यांपासून केलेला जुना कागद शतकं टिकतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आपल्याच पोटातल्या आम्लाने पिवळा पडतो, मग तपकिरी, मग हातात घेताच तुकडे. हिरडा आणि हिराकस घालून केलेली शाईही कालांतराने कागद खाते, अक्षरांच्या जागी भोकं राहतात. काजळाची शाई मात्र कुणाचं काही घेत नाही.

आणि मग आहे आपली कसर. जुनं पुस्तक उघडलं की चंदेरी काहीतरी सर्रकन पळतं ना, ती. तिला नुसतं चिरडू नका, आधी तिची कुळी ऐका. किड्यांना पंख फुटले त्याच्याही आधीची ही जात, डायनोसॉर तर हिच्या मानाने कालचे. तिला ना अळीचं सोंग ना कोशाचं, अंड्यातून बाहेर येते तीच लहानशी कसर होऊन. मोठी झाली तरी जन्मभर कात टाकत राहते. महिनोन्‌महिने उपाशी राहते. कागद पचवायला वाळवीला पोटातल्या जंतूंची मदत लागते, हिच्याकडे स्वतःचा पाचकरस आहे. पुठ्ठ्याची खळ हिचं पक्वान्न. आणि या चोराचं लग्न बघाल तर थक्क व्हाल, नर-मादी समोरासमोर मिशा हलवत मागे-पुढे नाचतात, मग नर रेशमाच्या धाग्याखाली आपलं बीज जमिनीवर ठेवतो आणि मादी ते उचलून घेते. एवढा सोहळा हजेरीबुकाच्या पानांत चाललेला असतो.

कसरीला आणि बुरशीला हवी ती ओल. हवेतला दमटपणा शंभरात पासष्टाच्या वर बराच वेळ राहिला की बुरशीचे कण रुजू लागतात, आणि आपल्या कोकणपट्टीत पावसाचे चार महिने तो त्याच्या पुष्कळ वर असतो. म्हणून कोकणात जुनी चित्रं जपणं हे निम्मं चित्रांचं काम आणि निम्मं हवामानाचं. आपल्या आज्या पोथी कापडात गुंडाळून पेटीत वेखंडाचा तुकडा आणि कडुलिंबाचा पाला टाकत, ते काही वेडेपण नव्हतं, वेखंडातल्या तेलाला किडे खरोखरच भितात.

जेजेच्या वाटेवर आपल्या जिल्ह्याचाही एक माणूस आहे. अलिबागच्या वर सासवण्याला विनायक करमरकर नावाचा पोरगा, १८९१ चा जन्म, वडील गणपती करायचे. त्याने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते कुलाब्याच्या कलेक्टरने, ओटो रॉथफील्डने पाहिलं, आणि पोराला जेजेत पोचवलं. त्याच हातांनी पुढे पुण्याचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा झाला, १९२८ साली. सासवण्याचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, तिथे साध्या सिमेंटात घडवलेली म्हैस पाहाल तर शेपटी हलवील म्हणून थांबाल. तिथून जवळच किहीमला १९३० च्या सुमारास सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणतो आणि थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच तो पुरं करतो, नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं. परीक्षक कडक असला की कारागिरी वाढते, हे किहीमच्या झाडावरही खरं आणि जेजेच्या वर्गातही.

तर एवढं ऐकलंत, आता माझं एक काम करा. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत जुने प्लास्टरचे साचे माळ्यावर पडलेले आहेत, रबरी साचे आल्यापासून त्यांना कुणी विचारत नाही. पण आपली चित्रशाळा ती आहे, आणि तिचं कोठार तो माळा आहे. ते फोडू नका. कोरड्या जागी, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. घरातली जुनी चित्रं, रेखाटनं, वह्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळा आणि पाऊस सरला की सावलीत वारा दाखवा. जेजेच्या वार्षिक प्रदर्शनाला पोरांना घेऊन जा. आणि प्रत्येक साच्याच्या, प्रत्येक चित्राच्या पाठीमागे, कुणी केलं, कुठे केलं, कोणत्या साली केलं, ते लिहून ठेवा. लिहायचं ते शिसपेन्सिलीने. शाई पावसाळ्यात फुटते, बॉलपेन कालांतराने पुसट होतं, पण पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे निव्वळ कार्बन, ते पाण्याने फुटत नाही आणि उजेडाने उडत नाही.